विजेचे दोन पाट

लोखंडाजवळ लोहचुंबक आणला की त्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा किंचित बदलतो, ही गोष्ट ग्लासगोचे विल्यम टॉमसन यांनी १८५७ साली नोंदविली. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. बदल होता अगदी थोडा, शंभरात काही भाग. शंभराहून अधिक वर्षे त्यात मोठी वाढ कोणाला करता आली नाही.

प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबकच. त्याचे तोंड एकतर वर, नाहीतर खाली. नेव्हिल मॉट यांनी १९३६ साली असे मांडले की, चुंबकी धातूत या दोन जातींचे प्रवाह जणू वेगवेगळ्या वाटांनी जातात.

आता मळ्यात शेजारी शेजारी दोन पाट आहेत असे धरा. एकात गाळ साचला नि दुसरा साफ असला, तर पाणी दुसऱ्याने सुरळीत जाईल. पण तोच गाळ निम्मा इकडे, निम्मा तिकडे पडला की दोन्ही पाट तुंबतात. गाळ तेवढाच, पाणी मात्र अडले! पॅरिसजवळच्या ओर्से येथे आल्बेर फेर यांनी १९७० च्या आसपास निकेलमध्ये दोन-दोन धातू मिसळून हेच पाहिले होते. मात्र मिसळलेला गाळ मागाहून हलवायचा कसा? त्यासाठी मिश्रणाऐवजी थर हवे होते, आणि तेही काही अणूंएवढेच जाड. असे थर चढविण्याची साधने हाती यायला पुढली पंधराएक वर्षे जावी लागली.

निर्वात भांड्यात धातूची वाफ करून ती हळूहळू बसवायची, असे हे काम. लोखंडाच्या दोन थरांमध्ये जो क्रोमियमचा थर असे, तो सुमारे सहा अणूंचा. आपल्या भांड्यांवरची कल्हईसुद्धा त्यापुढे गोधडी वाटावी! जर्मनीतील यूलिशच्या पीटर ग्र्यूनबर्ग यांना १९८६ साली दिसले की, असा क्रोमियम मध्ये असला की लोखंडाचे दोन्ही थर आपोआप एकमेकांच्या उलट दिशेने चुंबकित होतात. म्हणजे गाळ दोन्ही पाटांत. बाहेरून चुंबक लावला की दोन्ही थर एका दिशेला वळतात, आणि एक पाट मोकळा होतो.

१९८८ साली फेर यांच्या मंडळींनी असे थर कित्येकदा एकावर एक रचले. उणे २६९ अंश तापमानाला अडथळा जवळजवळ निम्म्यावर आला. ग्र्यूनबर्ग यांनी त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, फक्त तीन थरांत आणि साध्या खोलीच्या तापमानात, शंभरात दीड भाग बदल मोजला. आकडा लहान खरा, पण पेटंटचा अर्ज करायला ते चुकले नाहीत!

तरी एवढे खर्चिक, संथ काम कारखान्यात कोण करणार? कॅलिफोर्नियात आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट पार्किन यांनी वायूच्या भारित कणांचा मारा करून धातूचे अणू उडवायचे आणि थर बसवायचे, ही स्वस्त नि झटपट रीत वापरली. तिनेही तोच परिणाम मिळतो, हे १९९० साली दिसून आले. पार्किन यांनी मग धातूंच्या नाना जोड्या पारखल्या. १९९७ साली संगणकाच्या चकतीवरील चुंबकी खुणा वाचणारे टोक या थरांचे झाले. खुणा जितक्या बारीक, तितका त्यांचा चुंबकी जोर कमी. तो ओळखणारे टोक मिळाले म्हणून चकतीवर कितीतरी अधिक मजकूर मावू लागला. दहाएक वर्षांत या टोकाची जागा दुसऱ्या रचनेने घेतली. तिच्यातही थरच आहेत.

२००७ चे नोबेल पारितोषिक फेर आणि ग्र्यूनबर्ग या दोघांना मिळाले. पार्किन त्यात नव्हते. मला हे थोडे खटकते. त्यांना फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळाले, ते २०१४ साली.