मॉर्मन लोकांतील ख्रिस्ती प्रचार : यूटामधील दीडशे वर्षे



यरुशलेममध्ये स्कोपस पर्वताच्या उतारावर, हिब्रू विद्यापीठाच्या शेजारी, कमानींच्या ओळी असलेली एक देखणी दगडी इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ते मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे केंद्र. १९८०च्या दशकात ते उभे राहत असताना धर्मनिष्ठ यहुदी मंडळींनी मोठी निदर्शने केली, कारण हे लोक येथे आपली मुले बाटवतील अशी भीती होती. शेवटी, येथे धर्मप्रचार करणार नाही अशी लेखी हमी पंथाने दिली आणि १९८९ साली केंद्राचे रीतसर समर्पण झाले. तेथे शिकायला येणारा प्रत्येक विद्यार्थी आजही तशा प्रतिज्ञेवर सही करतो.

त्यामुळे मॉर्मन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रचारकच उभा राहतो : पांढरा सदरा, काळा टाय, जोडीने दारोदार फिरणारे तरुण. आज मात्र मला नाण्याची दुसरी बाजू सांगावयाची आहे. या प्रचारकांच्या दारावरही गेली दीडशे वर्षे दुसरे प्रचारक थाप मारीत आहेत. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट, आणि विशेषतः इव्हँजेलिकल, ख्रिस्ती लोकांनी मॉर्मनांना 'खऱ्या' ख्रिस्ती धर्मात आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा हा इतिहास आहे. ख्रिस्ती लोकांच्या घरगुती भांडणाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या समाजाच्या चार-पाच पिढ्यांनी मिशनऱ्यांचे प्रेमळ लक्ष स्वतःवर झेललेले आहे, त्याला या भांडणातील बरेच काही ओळखीचे वाटेल, एवढेच उत्तर मी आता देतो.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणाने 'बुक ऑफ मॉर्मन' नावाचा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी आपली मंडळी स्थापिली. देवदूताने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण हा ग्रंथ भाषांतरित केला, असे तो सांगे. १८४४ साली इलिनॉय राज्यातील तुरुंगात जमावाने त्याची हत्या केली. ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली त्याचे अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. या लोकांनी स्वतःला इस्राएल मानले, आपल्या वसाहतीला सियोन म्हटले, तेथल्या नदीला यार्देन हे नाव दिले, आणि मॉर्मन नसलेल्या प्रत्येकाला ते 'जेंटाइल', म्हणजे गोयी, म्हणू लागले. जगाच्या पाठीवर यहुदी माणूस गोयी ठरावा असा प्रांत बहुधा तेवढाच! याच यूटाने १९१६ साली सायमन बॅम्बर्गर या यहुदी गृहस्थाला राज्यपाल म्हणून निवडून दिले, हेही सांगितले पाहिजे.

मॉर्मन स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. इव्हँजेलिकल त्यांना तसे मानीत नाहीत. देवपित्याला हाडामांसाचे शरीर आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत, मनुष्य उन्नत होत देवासारखा होऊ शकतो, आणि बायबलनंतरही नवे ग्रंथ अवतरले, अशी मॉर्मनांची श्रद्धा आहे. इव्हँजेलिकलांना यातील एकही गोष्ट मान्य नाही. शब्द मात्र दोघांचे तेच : देव, तारण, कृपा. एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन तासन् तास बोलावे आणि दोघांनीही समाधानाने घरी जावे, असे या चर्चांत वारंवार घडते. एकत्वाच्या बाबतीत दोघांचेही गणित आपल्याला अवघडच वाटते. तो विषय येथे नको.

या वादाचा एक पडसाद आपल्या जुन्या मुलखातही उमटला होता. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५१ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करात त्याने लहानशी मंडळी जमवली. मुंबईतील इतर मिशनऱ्यांना त्याचे येणे मुळीच रुचले नाही. ते रोपटे काही वर्षांतच सुकले. या विरोधाचे खरे रणांगण मात्र यूटा हेच होते.

१८६९ साली आगगाडी यूटात पोहोचली आणि तिच्यामागोमाग मिशनरी आले. बहुपत्नीत्वाची चाल १८५२पासून मॉर्मनांनी उघडपणे मान्य केलेली होती, त्यामुळे पूर्वेकडच्या चर्चमधल्या स्त्रियांना यूटा म्हणजे गुलामगिरीचाच एक प्रांत वाटे. देणग्या जमल्या. मोठ्या माणसांना उपदेश करून फळ येत नाही हे लवकरच ध्यानात आले, तेव्हा शाळा काढाव्यात असे ठरले. सॅनपीट खोऱ्यात माउंट प्लेझंट हे गाव आहे. वस्ती बहुतेक डेन्मार्क-स्वीडनहून आलेल्या मॉर्मनांची. १८७५ साली डंकन मॅकमिलन हा प्रेस्बिटेरियन पाद्री तेथे प्रकृतीसाठी म्हणून आला आणि त्याने शाळा सुरू केली. जागा मिळाली तीही बोलकी : मॉर्मन पंथाशी फारकत घेतलेल्या गावकऱ्यांनी बांधायला घेतलेला 'लिबरल हॉल'. उपदेश करताना मॅकमिलन समोर पिस्तूल ठेवीत असे, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. शाळा मात्र खरी. वासॅच अकॅडमी या नावाने ती आजही चालू आहे.

पुढील पंधरा-वीस वर्षांत प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट अशा सर्वांच्या शाळा गावोगावी निघाल्या. शिकविणाऱ्या बहुतेक पूर्वेकडून आलेल्या अविवाहित तरुणी. एकटीने परक्या गावात राहायचे, आठवडाभर शाळा चालवायची, रविवारी बायबल शिकवायचे. मॉर्मन धर्मगुरूंनी मनाई केली तरी आईबाप मुले पाठवीत, कारण शाळा चांगली होती आणि दुसरी बहुधा नव्हतीच. हजारो मॉर्मन मुले या बाकांवर बसून शिकली. त्यांतून ख्रिस्ती किती झाली? मिशनच्या अहवालांतच त्याबद्दलची निराशा दिसते. मुलांनी अक्षरे घेतली, व्याकरण घेतले, गाणीही घेतली आणि ती पुन्हा आपल्या वडिलांच्या देवळात जाऊन बसली. १८९० साली यूटात फुकट सरकारी शाळांचा कायदा झाला, त्याच वर्षी मॉर्मन पंथाच्या प्रमुखाने नव्या बहुपत्नी विवाहांना मनाई करणारे जाहीर पत्रक काढले, आणि मिशनच्या शाळांची गरज व देणग्या दोन्ही ओसरू लागल्या.

येथे क्षणभर कोकणात जाऊन येऊ. १८१३ साली अमेरिकन मिशन मुंबईत आले, १८२९ साली स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांच्या शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने बसली. १८३२ साली विल्सनसाहेबांनी आपल्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. माझे पणजोबा रेवदंड्याचे. त्यांनी मुळाक्षरे मिशनच्याच शाळेत गिरविली, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरच्या दिव्यापुढे शेमा म्हटले. मिशनऱ्यांनी दिलेली हिब्रू आपण ठेवली आणि ती ज्या हेतूने दिली तो त्यांना परत केला. पुढे जोसेफ एझकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी आपले प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सामुएल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली स्वतःची इस्राएलाइट शाळा मुंबईत काढली, तीही १८७५ सालीच. आणि यूटामध्ये ज्या वर्षी मॅकमिलनची शाळा उघडली, त्याच १८७५ साली प्रोव्हो गावी मॉर्मनांनी ब्रिगहॅम यंग अकॅडमी स्थापिली. स्कोपस पर्वतावरची ती इमारत ज्या विद्यापीठाची, ते या अकॅडमीतूनच वाढले. सालांचा हा योगायोग आहे, त्यातून मी सिद्धान्त काढीत नाही. पण ज्याच्या मुलांना दुसरा शिकवू लागतो तो स्वतःची शाळा काढतो, ही चाल दोन्हीकडे एकच दिसते.

विसाव्या शतकात शाळा मागे पडल्या आणि छापील कागद पुढे आला. येथे मला दोन माणसांविषयी थोडे थांबून बोलावयाचे आहे. जेराल्ड आणि सँड्रा टॅनर हे सॉल्ट लेक सिटीतील जोडपे. सँड्रा ही खुद्द ब्रिगहॅम यंगच्या वंशातली, त्याची खापरपणती. जेराल्डच्या पूर्वजाने जोसेफ स्मिथला अडचणीच्या काळी पैसा पुरविला होता. दोघांनीही तरुणपणी पंथ सोडला आणि ते इव्हँजेलिकल झाले. त्यांची पद्धत साधी होती : मॉर्मनांचेच जुने, दुर्मिळ ग्रंथ, रोजनिशा आणि वर्तमानपत्रे मिळवायची, त्यांच्या छायाप्रती छापायच्या आणि वाचकाला म्हणायचे, तूच ताडून पाहा. त्यांचा सूर कोरडा आणि पुष्कळदा कंटाळवाणा, अधोरेखित शब्दांनी खचाखच भरलेला असे. तरी मॉर्मन इतिहासकारही ती पुस्तके गुपचूप बाळगीत.

१९८४ साली या माणसांची खरी परीक्षा झाली. मार्क हॉफमन नावाच्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याने १८३० सालचे म्हणून एक पत्र बाजारात आणले. त्यात असे होते की सोन्याच्या पत्र्यांजवळ जोसेफ स्मिथला देवदूत भेटलाच नाही, भेटला तो एक पांढरा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, आणि त्याचे रूप पालटले. मॉर्मन पंथाच्या विरोधकांना याहून मोठे घबाड कोणते? सारे आयुष्य ज्याचा शोध घेतला तो पुरावा हाती आला होता. जेराल्ड टॅनरने तो वाचला आणि त्याला शंका आली. पत्रातील मजकूर १८३४ साली छापलेल्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकाशी फारच जुळत होता. त्याने आपल्याच वार्तापत्रात ती शंका छापली. त्याची पत्नीही सुरुवातीस त्याच्याशी सहमत नव्हती. पुष्कळ तज्ज्ञ पत्र अस्सल मानीत होते, मॉर्मन पंथाचे अधिकारी हॉफमनकडून कागद विकत घेत होते, आणि पत्र बनावट असू शकेल असे सांगत होता तो पंथाचा सर्वांत कडवा टीकाकार. १९८५च्या ऑक्टोबरात सॉल्ट लेक सिटीत बाँबस्फोट झाले, दोन माणसे ठार झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाँबने खुद्द हॉफमनच जखमी झाला. सूक्ष्मदर्शकाखाली शाईला पडलेल्या चिरा पाहून खोटे कागद उघडे पडले. १९८७ साली त्याने गुन्हा कबूल केला. तो अजून तुरुंगात आहे.

याच काळात दुसरा एक मार्गही चालू होता. एड डेकर या माजी मॉर्मनाने १९८२ साली 'द गॉड मेकर्स' नावाचा चित्रपट काढला. अमेरिकेतील शेकडो चर्चमध्ये तो दाखविला गेला. त्यात मॉर्मन श्रद्धेचे व्यंगचित्र होते, त्यांच्या मंदिरातील गुप्त विधींची थट्टा होती, आणि पाहणाऱ्याने किळस घेऊन उठावे अशी मांडणी होती. ॲरिझोनातील ख्रिस्ती-यहुदी परिषदेच्या शाखेने त्याचा निषेध केला. अर्धसत्यांच्या जोरावर एखाद्या समाजाविषयी तिरस्कार कसा पिकविता येतो हे यहुद्यांना कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून त्या निषेधात आपली माणसे असावीत याचे मला आश्चर्य वाटत नाही. नंतर डेकरच्या काही आरोपांचे खंडन छापले तेही टॅनर दांपत्यानेच. स्वतःच्या पक्षातील असत्य उघडे पाडणारा माणूस सर्वच धर्मांत दुर्मिळ असतो, आणि त्याचे आभार सहसा कोणी मानीत नाही.

२००४च्या नोव्हेंबरात सॉल्ट लेकच्या प्रसिद्ध टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे मॉर्मनांच्या सभागृहात, रिचर्ड माऊ हे इव्हँजेलिकल विद्वान उभे राहिले. कॅलिफोर्नियातील फुलर धर्मविद्यालयाचे ते तेव्हाचे अध्यक्ष. आम्ही तुमच्या श्रद्धेविषयी विपर्यस्त बोललो, हे आमच्याकडून पाप घडले, असे त्यांनी मॉर्मन श्रोत्यांना सांगितले. त्यावर इव्हँजेलिकलांमध्येच वादळ उठले. ज्यांनी मॉर्मन पंथ सोडण्यासाठी घरदार गमावले होते ते म्हणाले, आमच्या वतीने क्षमा मागण्याचा यांना अधिकार कोणी दिला? मला माऊंचे बोलणे योग्य वाटते. हा प्रश्नही मला खोटा वाटत नाही.

कारण सोडून जाणे स्वस्त नसते. मॉर्मनांचे विवाह मंदिरात होतात आणि मंदिरात प्रवेश फक्त परवानापत्र असलेल्यांना मिळतो. पंथ सोडलेला बाप मुलीच्या लग्नात बाहेरच्या बागेत उभा राहतो. आत विधी होतो, दार उघडते, फोटो काढले जातात. आधी सर्वांसमक्ष नागरी विवाह करावा म्हटले तर अमेरिकेत मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावे लागे. २०१९ साली पंथाने ही वर्षाची अट काढली, तेव्हा अनेक कुटुंबांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग ही सोडून गेलेली माणसे जातात कोठे? प्रचारकांना वाटे, ती आपल्याकडे येतील. काही येतात. पण अमेरिकेतील अलीकडच्या पाहण्यांत असे दिसते की मॉर्मन पंथ सोडणाऱ्यांपैकी जे कोणत्याच धर्मात जात नाहीत त्यांची संख्या इव्हँजेलिकल होणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. एका संदेष्ट्यावरचा विश्वास उडाला की दुसऱ्यांचे ग्रंथही तीच कसोटी लावून वाचले जातात. ती कसोटी लावायला शिकविले प्रचारकांनीच. यूटातील इव्हँजेलिकल पाद्र्यांना आता जोसेफ स्मिथचे खंडन करण्याआधी देव आहे का, येथूनच सुरुवात करावी लागते.

जेराल्ड टॅनर २००६ साली वारले. सँड्राबाईंनी सॉल्ट लेकमधले आपले पुस्तकांचे दुकान पुढे बरीच वर्षे एकटीने चालविले आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०२३ साली, ते बंद केले.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा असे चिटणीसांनी मला बजावले आहे, म्हणून येथेच थांबतो.