एलियस आणि एक्स्टेन्शन : मॅकिंटॉशवरील दोन सोयींचे कूळ

मे १९९१ मध्ये ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकांसाठी ‘सिस्टिम ७’ ही कार्यप्रणाली आणली आणि तिच्याबरोबर ‘एलियस’ ही सोय व एक्स्टेन्शन्ससाठी स्वतंत्र फोल्डर अशा दोन गोष्टी सामान्य वापरकर्त्याच्या हाती आल्या. दोहोंची मुळे मात्र त्यापूर्वी भलत्याच कारणांसाठी घेतलेल्या निर्णयांत आहेत.

एलियस म्हणजे मूळ फाइलीकडे नेणारी, तिरप्या अक्षरांतील नावाची छोटी फाइल. ती उघडली की मूळ फाइल उघडे, आणि ती कचरापेटीत टाकली तरी मूळ फाइलीला धक्का लागत नसे. बर्कली युनिक्समध्ये १९८३ साली आलेली सिंबॉलिक लिंक केवळ फाइलीचा मार्ग लक्षात ठेवी, त्यामुळे फाइल हलवताच ती निकामी होई. एलियसमध्ये मार्गाबरोबरच फाइलीचा क्रमांकही नोंदलेला असे, आणि सारी करामत या क्रमांकाची होती. १९८५ मध्ये हार्ड डिस्कसाठी आणलेल्या ‘एचएफएस’ या फाइलरचनेत प्रत्येक फाइलीला असा क्रमांक मिळे; नाव बदलले किंवा त्याच डिस्कवर फोल्डर बदलला, तरी तो कायम राही. जी व्यवस्था डिस्कच्या अंतर्गत नोंदींसाठी होती, तिच्याच आधारे सहा वर्षांनी वापरकर्त्याला हरवलेल्या फाइलीचा माग लागू लागला.

एक्स्टेन्शनचे कूळ याहून जुने, १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपर्यंत जाते. खिडक्या, मेनू, चित्रे यांची कामे करणाऱ्या उपकार्यक्रमांचा मोठा भाग ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या स्मृतीत कोरलेला होता. पण त्यांच्या पत्त्यांची सारणी मुद्दाम बदलत्या स्मृतीत, रॅममध्ये ठेवली होती, जेणेकरून रॉममधील चूक पुढे डिस्कवरून दुरुस्त करता यावी. हाच दरवाजा इतरांनाही खुला झाला. संगणक सुरू होताना चालणारा ‘इनिट’ नावाचा छोटा कार्यक्रम सारणीतील पत्ता बदलून तेथे स्वतःचा पत्ता ठेवी, आपले काम करी आणि मग जुन्या पत्त्याकडे सूत्रे सोपवी. हे इनिट म्हणजेच सिस्टिम ७ मधील एक्स्टेन्शन.

एक्स्टेन्शन्स वर्णक्रमाने चालत आणि त्यांची चिन्हे सुरुवातीच्या पडद्यावर तळाशी डावीकडून उजवीकडे एकेक उमटत. शेवटी आलेल्याच्या हाती सूत्रे आधी जात, म्हणून क्रमाला फार महत्त्व होते. एखाद्याला पुढे आणायचे तर जाणकार त्याच्या नावाआधी मोकळी जागा सोडत. स्मृतीचे संरक्षण नसल्यामुळे एकाच्या दोषाने सारी प्रणाली कोसळे. अशा वेळी शिफ्ट कळ दाबून धरून सर्व एक्स्टेन्शन्स वगळून संगणक सुरू करावा लागे, आणि मग निम्मी निम्मी चालू करून दोषी कोण ते हुडकावे लागे. १९९४ च्या सिस्टिम ७.५ मध्ये त्यासाठी ‘एक्स्टेन्शन्स मॅनेजर’ आला. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये संरक्षित स्मृती आल्यावर ही जुनी एक्स्टेन्शन्स तेथे चालेनाशी झाली. एलियस मात्र त्या प्रणालीतही टिकून राहिली.