बोरीबंदर ते उरण

वाचकहो, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, हे आपण शाळेत शिकलो. बंदरापलीकडच्या उरण-अलिबागकरांना मात्र मुंबई गाठावयास पडाव नाहीतर आगबोट हाच जवळचा मार्ग राहिला. त्याची किंमत जबर होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. पण तीही रोह्याहून आत, माणगावकडे वळली. उरणला लोकल पोचली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये! अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अजूनही स्थानकावाचून आहेत. मुंबईच्या दिव्यांना इतका जवळ आणि तिच्या रुळांना इतका दूर असा किनारा मला तरी दुसरा ठाऊक नाही.