दोन विद्यार्थी, दोन चुली

एकोणिसाव्या शतकात परदेशी शिकायला गेलेल्यांचा इतिहास आपण बहुधा पदव्यांवरून लिहितो. मला तो चुलीवरून वाचावासा वाटतो. कारण ‘काय शिकणार?’ याच्याइतकाच ‘काय खाणार?’ हा प्रश्न तेव्हा जातीचा, घराचा आणि अब्रूचा होता.

फेब्रुवारी १८८३. सेरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशी यांनी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे जाहीर केले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा वय अवघे अठरा. न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माहेरची माया मिळाली. फिलाडेल्फियात मात्र वैद्यकीचा अभ्यास, कडाक्याची थंडी आणि शाकाहाराचा नेम, तिन्ही एकाच जिवाने सांभाळायचे होते. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. मृत्यूचे खापर आहारावर फोडणे बरोबर नाही. पण तिथल्या हवेने व अन्नाने त्यांची प्रकृती ढासळली, हे खरे.

सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून लंडनला निघाले. जातीने त्यांना वाळीत टाकले होते. आईला मांस न खाण्याचे वचन दिलेले. लंडनमधल्या बिऱ्हाडात मीठमसाल्याविना उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरेनात. यजमानीणबाईंच्या मुली पावाचा एखादा तुकडा जास्त वाढत, तरी पोट रितेच. मग भटकंतीत फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक एका शिलिंगला मिळाले. पुढे ते व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी मंडळात गेले. घरून आलेली मिठाई आणि मसाले त्यांनी बंद केले. एका खोलीत स्टोव्हवर ओटची लापशी आणि कोको करून दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला. चवीचे ठाणे जीभ नसून मन आहे, हा त्यांचा निष्कर्ष तिथलाच.

निग्रह दोघांचाही मोठा. मग फरक कुठे पडला? माझ्या मते दोन ठिकाणी. खाण्याच्या बाबतीत गांधींचे वचन मांसापुरते होते. मसाला सोडला, परकी लापशी जवळ केली, तरी ते मोडत नव्हते. आनंदीबाईंच्या ताटावर मात्र सगळ्या समाजाची नजर होती. त्यांचा आहार, पोशाख, चालणे-बोलणे हा पुढे शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलीच्या बाजूचा पुरावा ठरणार होता. त्यात बदल करण्याची मुभा त्यांना फार थोडी होती. दुसरे म्हणजे सोबत. गांधींना लंडनमध्ये त्यांच्यासारखेच जेवणाऱ्या, तेही तत्त्व म्हणून जेवणाऱ्या माणसांचे टेबल सापडले. आनंदीबाईंना प्रेम मिळाले, आसरा मिळाला. पण रोजच्या जेवणाला आपल्या पंगतीचे कुणी नव्हते.

पदवीच्या इतिहासात ही पंगत कुठे नोंदली जात नाही. ती नोंदायला हवी.