एका चहावर किती वेळ बसायचं?

बाहेर धो धो पाऊस, समोर गरम चहा, हातात वही किंवा पुस्तक आणि अख्खी दुपार मोकळी. हे चित्र आता इतकं गुळगुळीत झालंय की कॉफीच्या जाहिरातीतसुद्धा तेच असतं. आमच्याकडची वडीलधारी मंडळी याला सरळ 'थेरं' म्हणतात. लिहायचंय तर घरात बसून लिही की! मला मात्र या चित्रात दुकानदाराचं कोडं पडतं. तो आपल्याला बसू का देतो? एका कपाच्या पैशात दोन-तीन तास खुर्ची, टेबल, पंखा आणि डोक्यावर छप्पर. हा व्यवहार त्याला परवडतो कसा?

खरं तर कुणालाच तो आनंदाने परवडलेला नाही. मुंबईच्या इराण्यांकडे भिंतीवर सूचनांचा बोर्ड असायचा. भांडू नका, केस विंचरू नका, उधार मागू नका, आणि फार वेळ बसू नका. धोबी तलावच्या 'बस्तानी'मधल्या अशाच बोर्डावरून निसिम इझिकेल यांनी एक कविताच केली. लोक त्या बोर्डाला हसतात, पण मला तो इतिहासाचा फर्स्टक्लास पुरावा वाटतो. जी गोष्ट कुणी करतच नाही, तिला मनाई कोण कशाला करेल? 'फार वेळ बसू नका' असं रंगवून लिहावं लागलं, म्हणजे लोक फार वेळ बसत होते! आणि बाहेर कोसळत असताना गिऱ्हाइकाला उठवायला कुठल्या शेटजींची जीभ रेटणार?

ही रड जुनीच आहे. लंडनमध्ये पहिलं कॉफीहाउस १६५२ साली पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने काढलं. एक पेनी टाकायची, कॉफी घ्यायची, पडलेली वर्तमानपत्रं वाचायची, हवं तितकं बोलायचं. हे 'बोलणं' राजाला झोंबलं. दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला आणि इतका गदारोळ झाला की तो अमलात यायच्या आतच, जानेवारीत, मागे घेतला. म्हणजे दुकानदाराला भीती रिकाम्या कपाची, राजाला भीती भरल्या टेबलाची.

आपल्याकडे तर बसण्याच्या आधीचाच प्रश्न होता. कुणाच्या हातचा चहा, आणि कुणाच्या शेजारी बसून?

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. गोपाळराव जोशींच्या (आनंदीबाईंचे यजमान, अफलातून माणूस) पुढाकाराने टिळक, रानडे यांच्यासकट गावातली प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे 'पुणे वैभव'मध्ये हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि पेठांमध्ये आग लागली. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीला माणसं नेमली, प्रायश्चित्तांवर वाद झाले. रानड्यांसारख्या माणसाने शेवटी प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक त्यांच्यावर चिडले. एका कपासाठी! (आणि हे वरच्या जातींतल्या पुढाऱ्यांचं झालं. ज्यांना त्या खोलीत बोलावणंच नव्हतं, त्यांच्या चहाचा इतिहास याहून कितीतरी कडू आहे.)

त्याच पुण्यात १९३५ साली डेक्कनवर 'गुडलक' सुरू झालं, इराणी मालकाचं. पंचेचाळीस वर्षांत शहर बदललं असं म्हणायचा मोह होतो, पण मी तेवढा भाबडा नाही. घराघरांतला सोवळ्याचा हिशोब चालूच होता. झालं एवढंच की घराबाहेर एक अशी जागा तयार झाली, जिथे कुणाची जात न विचारता कप समोर यायचा.

हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याझ्द, केरमान अशा भागांतून येत राहिले. बरेचसे झरतुष्ट्री, काही मुसलमान. आपल्याकडचे दुकानदार कोपऱ्याची जागा अपशकुनी मानायचे, म्हणून ती इराण्यांना मिळाली असं सांगतात. कारण काही असो, कोपरा फायद्याचा निघाला. दोन रस्त्यांकडे तोंड, दोन्हीकडून उजेड. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारीही वाचता यावं इतका. संगमरवरी टेबलं, ब्रून-मस्का, पानी कम चाय आणि त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. या खुर्च्यांचं घराणं थेट व्हिएन्नाचं. मायकेल थोनेटने वाफेवर लाकूड वाकवून १८५९ मध्ये जी १४ नंबरची खुर्ची केली, ती युरोपभरच्या कॅफेंमध्ये पोचली आणि तिची भावंडं आपल्या धोबी तलावापर्यंत आली.

एक मात्र सांगायलाच हवं. बाहेरची टेबलं पुरुषांची. बायकांसाठी आत 'फॅमिली रूम', लाकडी पार्टिशनच्या आड. एकटी बाई बाहेरच्या टेबलावर वही उघडून निवांत लिहीत बसलीये, हे दृश्य त्या काळात दुर्मिळच. 'मोकळी दुपार' ही सगळ्यांच्या वाट्याला आलेली चैन नव्हती.

आता सुरुवातीचं कोडं. मला वाटतं उत्तराचा मोठा भाग भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. जो इराणी भाडेकरू होता, त्याला जागा जवळजवळ फुकटात पडत होती. मग एखादा प्रूफरीडर किंवा बेकार पदवीधर कोपऱ्यात तासभर जास्त बसला तर काय बिघडलं? बोर्ड होता, पण बोर्डामागे घाई नव्हती. पुढे जागांचे भाव आभाळाला भिडले, मालकांच्या मुलांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं, आणि एकेक कोपरा गेला. त्या वेळी आपण ब्रून-मस्क्यासाठी हळहळलो. गेला होता तो स्वस्त वेळ.

त्या स्वस्त वेळाचं सोनं केलं अरुण कोलटकरांनी. काळा घोड्याजवळचं 'वेसाइड इन' ही त्यांची जागा. (बाबासाहेबांनी घटनेचा काही भाग तिथे बसून लिहिला अशी आख्यायिका आहे. मसुदा समितीचं काम दिल्लीत चाललं होतं, त्यामुळे मी ती जरा जपूनच ऐकतो.) ज्या घोड्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवून राणीच्या बागेत नेला होता. कोलटकर वर्षानुवर्षं खिडकीतून बघत होते ती उरलेली मोकळी जागा : ट्रॅफिक आयलंडवर पसरलेलं भटकं कुत्रं, कचरा गोळा करणाऱ्या बाया, फुटपाथवरच्या माणसांची न्याहारी. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' झालं. २००४ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ते काढलं, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोलटकर गेले.

गंमत बघा, कॅफेत बसणाऱ्याने या पुस्तकात कॅफेवर फारसं लिहिलं नाही. ज्यांना आत येऊन बसणं कधीच परवडणार नव्हतं, पाऊस आला की ज्यांना कुठल्यातरी आडोशाला पळावं लागायचं, त्यांच्यावर लिहिलं. काचेच्या आतल्या खुर्चीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

पुस्तक निघायच्या आधीच 'वेसाइड इन' बंद पडलं होतं आणि तिथे दुसरं रेस्टॉरंट आलं होतं. दर गुरुवारी दुपारी तिथे जमणारी कोलटकरांची मित्रमंडळी मग उठली आणि फोर्टातल्या 'मिलिटरी कॅफे'त जाऊन बसायला लागली.