परसातला पांढरा कापूस

आपल्या तळेगाव, इंदोरी, देहू भागातल्या कितीतरी बायका तुकोबांच्या पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालत जातात. देहू सोडल्यावर आकुर्डीचा मुक्काम, आणि मग नाना पेठेतलं निवडुंग्या विठोबाचं देऊळ. तिथे पाय पसरून बसलं की एखादी नवखी विचारतेच, देवाला असलं काटेरी नाव कसं गं? मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली, असं सांगतात. आज त्या पेठेत निवडुंग औषधालाही मिळायचा नाही. पेठेतला तर घरं वाढली तसा गेला. पण माळामाळावरचा कसा गेला, त्या गोष्टीचा धागा आपल्या दारच्या पपईपर्यंत येतो.

निवडुंग आपण दोघांनाही म्हणतो. मोडला की दुधासारखा चीक येतो, तो थोर. तो इथला जुना. चपट्या फडींचा, लाल बोंडांचा तो फड्या निवडुंग. हा अमेरिका खंडातून जहाजांबरोबर आला. कुंपणाला त्याच्याइतकं सोपं काही नाही. फड मातीवर पडली की मुळं धरते, पाणी मागत नाही, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. दिवसा तो आपली छिद्रं मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो, म्हणून वैशाखातही हिरवा. मावळात पाऊस बरा, पण चाकण ओलांडून शिरूरकडे गेलं की तो झपाट्याने कमी होतो. अशा कोरड्या मुलखात निवडुंगाचं फावलं. कुंपणातून तो गायरानात गेला, ओढ्याकाठी गेला, पायवाटा बुजवू लागला. दुष्काळात काटे जाळून फडी गुरांना घातल्या, पोरांनी बोंडं खाल्ली, हेही खरं. पण कोयत्याने तोडायला जावं तर प्रत्येक तुकड्याचं नवं झाड!

त्याला संपवलं एका किड्याने, आणि त्याची सुरुवात चुकीतून झाली. मेक्सिकोत निवडुंगावरचे किडे वाळवून लाल रंग करत. तो व्यापार स्पेनच्या मुठीत होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता, म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. निघाली भलतीच जात. रंग निकृष्ट, पण किड्याने निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. रंगाचा धंदा बुडाला, पण कीड तण मारू शकते एवढं कळलं. पुढे १९२६ मध्ये त्याच्याच भाऊबंदांपैकी एक जात श्रीलंकेतून मद्रासकडे आणली, या वेळी जाणूनबुजून, फड्या निवडुंगासाठीच. अंगावर पांढरा कापूस घेऊन रस शोषणारा हा किडा. चिरडला की लाल. थोड्याच वर्षांत दक्षिणेतली फड वाळली, आणि पाठोपाठ दख्खनातलीही. ऑस्ट्रेलियात हेच काम एका पतंगाच्या अळीने केलं, तर तिथल्या लोकांनी १९३६ मध्ये तिच्या नावाने सभागृह बांधलं. अळीच्या नावाचं सभागृह! आपण किड्याची आठवणही ठेवली नाही.

आता पपई. २००८ मध्ये तमिळनाडूत कोइमतूरला पपईवर नवा पिठ्या ढेकूण सापडला. हाही परदेशी, हाही कापूस पांघरलेला, पण खातो ते आपलं: पपई, तुती, जास्वंद. गाजरगवतावरही राहतो, म्हणून बांधावरचं गाजरगवत परसात चालू देऊ नका. लोकांनी औषधं मारली. वरच्या मेणामुळे ती आत पोचेनात, आणि किडीचे शत्रू मात्र मेले. शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एक बारीक गांधीलमाशी आणली. मोहरीच्या दाण्याहून लहान, आपल्याला डसत नाही. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, पिल्लू त्याला आतून खातं. ढेकूण फुगून तपकिरी झालेला आणि त्याला गोल भोक दिसलं, तर समजा ती येऊन गेली. अशा पानावर फवारा मारू नका.

आणखी एक चूक आपण बायका हमखास करतो, मीही केली आहे. ऑस्ट्रेलियाचा एक ढालकिडा १८९८ मध्येच भारतात आणलाय. त्याचं पोर पिठ्या ढेकणासारखंच दिसतं, लांब पांढऱ्या झालरी लावलेलं. आपण त्यालाच चिरडतो. म्हणून सकाळी पानाखाली काडीने हलकेच ढोसून बघा. पिठ्या ढेकूण बहुधा जागचा हलत नाही. ढालकिड्याचं पोर तुरुतुरु पळतं, ते त्याच ढेकणांना खायला आलेलं असतं. त्याला राहू द्या. बाकीचा कापूस पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, आणि फारच माखलेलं पान असेल तर तोडून जाळा.