चर्चगेटच्या फुटपाथवरून

आमच्या आप्पांनी गायिका लॉर्ना ऐकली ती फुटपाथवर उभं राहून. साठच्या दशकातलं चर्चगेट: व्हेनिस, गेलॉर्ड, बॉम्बेलीज, जवळच अ‍ॅम्बॅसेडर. हॉटेलाला हॉटेल लागून आणि संध्याकाळी जागोजागी बँड. आत शिरायची कारकुनाची ऐपत कुठली? दरवानाने दार उघडलं की जेवढं बाहेर सांडेल तेवढं आपलं, असं ते सांगत.

तिची ओळख त्यांना करून दिली चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या गोंयकार मास्तरांनी. मास्तर ट्रंपेट वाजवत. शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून ट्रंपेटच्या तोंडात टॉवेल कोंबून रियाज करत आणि मग आत साचलेली थुंकी गॅलरीतून खाली झटकत. आजीचा सगळा राग त्या झटकण्यावर. सुरांबद्दल तिची तक्रार नव्हती.

गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेली मास्तरांसारखी माणसं दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात वाजवत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’त स्विंग आणला, त्यामागे चिक चॉकलेटसारख्या गोंयकार वादकांचा हात होता. आप्पांना ‘अलबेला’ पाठ. हे मात्र त्यांना मास्तरांकडून कळलं.

लॉर्ना कॉर्देरो मुंबईचीच. पोरवयात ती मडगावच्या ख्रिस पेरीच्या बँडमध्ये आली. पेरी ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा आणि मोठा संगीतकार. त्याने कोंकणी गाण्याला जॅझचा बाज दिला, आणि ती गाणी तिच्या गळ्यातून घरोघरी गेली. ‘बेबदो’ ऐका. पितळी वाद्यं अंगावर येत असताना तिचा आवाज जराही दबत नाही. शब्द चावत, मध्येच खट्याळपणे सूर ओढत ती ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते आणि समेला अचूक हजर होते. हे शिकवून येत नाही, असं मास्तर म्हणत. मला वाटतं, बरंचसं रोज रात्री नाचणाऱ्यांसमोर उभं राहून येत असावं.

पुढे दोघांची वाट वेगळी झाली आणि ती गाण्यातूनच दिसेनाशी झाली, दोन दशकांहून अधिक काळ. त्यावर चाळीत काय काय बोललं जाई! २०१४चा ‘नाचूं-या कुंपासार’ हा सिनेमाही दोघांच्या त्याच प्रेमकहाणीवर बेतलेला. कहाणी आहेच तशी. पण तिच्यापायी गाणं मागे पडतं, याचा मला राग येतो. बाईचं प्रेम चवीने सांगणाऱ्यांना तिच्या दमसासाबद्दल दोन वाक्यं सुचू नयेत?

१९९५ साली संगीतकार रॉनी मोन्सेरातच्या पुढाकाराने ती गोव्यात मिरामारला पुन्हा गायली. मास्तर तोवर गोव्याला परतले होते. त्यांचं आप्पांना पत्र आलं. त्यात गर्दी, धूळ, दुखणारे गुडघे आणि बसची भांडणं. आवाजाबद्दल समासात आडवं लिहिलेलं एकच वाक्य: ‘तशीच गाते, आणि या खेपेला दरवान नव्हता.’